आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले, काखेत आणि दंडात अजून आग व्हायलीय. कॅन्सर परत आला असेल का?

बहुतेक वेळा नाही, हे नसेचं दुखणं असतं. काखेतल्या गाठी काढताना तिथून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी इंटरकोस्टोब्रेकियल नावाची नस ताणली जाते किंवा कापलीच जाते, मग जखम भरली तरी आग, मुंग्या, करंट बसल्यासारखं होत राहतं आणि ब्लाऊजची बाही घासली तरी चटका बसतो. मी लातूरला फिजिओथेरपी करते, असे पेशंट नेहमी येतात. तीन महिन्यांच्या पुढं गेलेल्या या दुखण्याला साध्या पेनकिलरनं फारसा फरक पडत नाही, प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी नसेची औषधं लागतात, तीबी डॉक्टरनं हळूहळू वाढवत न्यायची असतात, दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडायची नाहीत. दुखतंय म्हणून हात छातीशी धरून बसू देऊ नका, खांदा जाम होतो, रोज भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायला लावा. आणि बधिर जागी गरम पिशवी अजिबात नको, भाजलेलं कळतच नाही.

टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती गोळी, चालू असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा, नसेच्या दुखण्यावर देतात त्या ड्युलॉक्सेटिनसारख्या काही गोळ्या तिचा असर कमी करू शकतात. मात्र नवीन गाठ लागली, हात सुजला, ताप आला किंवा दुखणं वाढतच चाललं तर वाट बघू नका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला नाहीतर संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलला दाखवा.