लेकीच्या एचएससी इंग्लिशचा क्रम

अगं, सिडनीतल्या बारावीला, म्हणजे एचएससीला, इंग्लिशची मॉड्यूल्स (अभ्यासाचे भाग) ए, बी, सी अशाच क्रमाने असतील असं धरून बसू नकोस. ॲडव्हान्स्ड इंग्लिशला (वरच्या पातळीचं इंग्लिश) कॉमन मॉड्यूल, म्हणजे इतर पातळ्यांच्या इंग्लिशलाही असणारा सामायिक भाग, आधी, ऑक्टोबरपासूनच, मग ए-बी शाळेच्या सोयीने, आणि मॉड्यूल सी म्हणजे लिखाणाचं, ते बऱ्याच शाळा मधेमधे पेरतात. आमच्याकडे बी आधी झालं आणि मी उगाच ए च्या नोट्स शोधत बसले होते.

पेपर १ फक्त कॉमनचा, ४० मार्क, दीड तास; पेपर २ मध्ये ए, बी, सी तिन्हींना २०-२०. पण शाळेत वर्षभर होणाऱ्या मार्कांच्या टास्कना हलकं घेऊ देऊ नकोस हं, शेवटच्या मार्कांत निम्मा वाटा त्यांचा असतो! शाळेकडून असेसमेंट शेड्यूल (या टास्कचं वेळापत्रक) मिळतं, ते फ्रिजवर लाव आणि प्रत्येक टास्कसमोरचा टक्का बघून मगच वेळ वाट.