जुमोंग: राजा किती, कथा किती?

प्रश्न: एका कोरियन मालिकेत अंड्यातून जन्मलेला धनुर्धर राजा जुमोंग पाहिला. असा राजा खरोखर होऊन गेला का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: जुमोंगने इ.स.पू. 37 मध्ये गोगुर्यो हे प्राचीन कोरियन राज्य स्थापन केले, असे किम बू-सिक याने 1145 साली सिद्ध केलेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात म्हटले आहे. मात्र घटना आणि ग्रंथ यांच्यात सुमारे बाराशे वर्षांचे अंतर आहे. त्याहून जुनी साक्ष दगडाची आहे. आजच्या चीनमधील जिआन येथे 414 साली गोगुर्योचा राजा ग्वांगगेतो याच्या स्मरणार्थ उभारलेल्या, सहा मीटरांहून उंच शिळेवर या मूळपुरुषाचे नाव ‘चुमो’ असे कोरलेले आहे. तो अंडे फोडून जन्मला, नदीकाठी येऊन त्याने आपली आई नदीदेवाची कन्या असल्याचे सांगितले आणि त्यासरशी कासवे वर येऊन त्याला वाट झाली, एवढी कथा तिथे आहेच. वसुदेवाला वाट देणारी यमुना आपल्याला इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

अडचण अशी की, पहिल्या शतकातील चिनी लेखक वांग चुंग हीच कथा, म्हणजे घोडे राखणारा मुलगा, त्याचे पलायन आणि मासे-कासवांचा पूल, उत्तरेकडील बुयो राज्याच्या संस्थापकाविषयी सांगतो. जुमोंग बुयोकडूनच पळून आला असे परंपरा मानते, तेव्हा नव्या राजघराण्याने जुन्या घराण्याची कथा आपलीशी केली असावी, असे आम्हांला वाटते. शिवाय ‘गोगुर्यो’ हे नाव चीनच्या हान साम्राज्यातील एका परगण्याला इ.स.पू. 37 च्या आधीपासूनच होते. त्यामुळे त्या प्रदेशात एखादा पराक्रमी टोळीप्रमुख उदयास आला असणे संभवते, पण राज्य एका माणसाने एका वर्षी शून्यातून उभे केले, हे मान्य करणे कठीण आहे. ‘जुमोंग’ हेसुद्धा विशेषनाम कमी आणि बिरुद अधिक; बुयोच्या भाषेत उत्तम तिरंदाजाला तसे म्हणत, असे ‘सामगुक सागी’च सांगतो.

या साऱ्या अद्भुतात एक प्रसंग मात्र निखळ माणसाचा आहे. बुयोच्या राजाने तबेल्यावर नेमलेला जुमोंग चपळ घोड्यांना मुद्दाम कमी चारा घालून रोडावतो आणि मठ्ठ घोड्यांना खाऊ घालून गुबगुबीत करतो. राजा गुबगुबीत घोडे स्वतःकडे ठेवून रोडावलेले त्यालाच देऊन टाकतो.