मॅकवरची फाइल लिनक्सला सापडत नाही, नाव तर तेच दिसतं. असं का होतं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: फ्रेंच पद्धतीने लिहिलेलं 'कॅफे', म्हणजे शेवटच्या ई वर तिरकी रेघ असलेलं, फाइलच्या नावात आहे. मॅकवरून ती लिनक्स सर्व्हरवर चढवली, यादीत दिसते, पण स्क्रिप्ट म्हणते की अशी फाइलच नाही. एका फोल्डरमध्ये तर त्याच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात. मराठी नावांनाही हा त्रास होतो का, असंही तुम्ही विचारलंय. होतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो रेघवाला ई युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना आकडी कोड देणाऱ्या यादीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर तयार अक्षराचा एकच कोड, यूटीएफ-८ मध्ये (हे कोड बाइटांत लिहायची नेहमीची पद्धत) २ बाइट. नाहीतर साधा ई आणि त्याच्यामागे रेघेचा वेगळा कोड, मिळून ३ बाइट. पडद्यावर दोन्ही सारखेच. जोडलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात, फोडलेल्याला एनएफडी. युनिकोड म्हणतं दोन्ही एकच समजा, पण ते कुणी समजायचं यावर सिस्टिमांचं एकमत नाही.

लिनक्ससाठी फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट. स्लॅश आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. बाइट वेगळे म्हणजे फाइल वेगळी. विंडोजचं एनटीएफएस (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) कॅपिटल-स्मॉल एकच धरतं, पण जोडलेलं-फोडलेलं तपासत नाही. मॅकचं १९९८ साली आलेलं एचएफएस प्लस मात्र प्रत्येक नाव फोडूनच साठवायचं. २०१७ मध्ये हाय सिएराबरोबर एपीएफएस आलं. ते दिलेलं रूप तसंच ठेवतं आणि शोधताना दोन्ही रूपं एक मानतं. पण जुन्या डिस्कवरून आलेली नावं आणि मॅकचे काही प्रोग्रॅम अजूनही फोडलेलंच रूप पुढे पाठवतात. मॅकवर बसलेल्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही, सगळा घोळ लिनक्सवर उतरल्यावर कळतो.

आता मराठी. आपल्या बहुतेक अक्षरांना हे लागू नाही, कारण काना, मात्रा, वेलांटी यांचे कोड मुळातच वेगळे आहेत. अडतं ते ऱ वर. 'दुसऱ्या सत्राची प्रश्नपत्रिका' यातला ऱ एनएफसीत एक कोड, ३ बाइट. एनएफडीत र आणि खालचा नुक्ता म्हणजे टिंब असे दोन कोड, ६ बाइट. म्हणजे 'पहिल्या सत्राची' फाइल नीट उघडते आणि 'दुसऱ्या सत्राची' सापडत नाही. माणूस हैराण होतो, कारण वरवर पाहता दोन्ही नावं सारख्याच धाटणीची. वाऱ्या, कोऱ्या, शेतकऱ्यांची यादी, सगळीकडे हेच.

त्याहून चिवट प्रकार म्हणजे काही कीबोर्ड हाच ऱ्य साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक कोड, म्हणजे झेडडब्ल्यूजे, वापरून लिहितात. दिसायला तंतोतंत तेच. पण एनएफसी करून हे रूप बदलत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते समान नाहीच. तसंच ॲ चं: त्याचा स्वतंत्र कोड २००८ मध्ये आला, पण अ वर चंद्र ठेवूनही तो लिहितात, आणि ती दोन रूपंही आपोआप एक होत नाहीत. ॲडमिशनच्या फाइली शोधताना हे लक्षात ठेवा. इथे बदलाची छोटी यादी आपणच स्क्रिप्टमध्ये लिहावी लागते.

तुमच्या फाइलींचं काय करायचं? आधी बघा नेमकं काय आहे. यादीचा आउटपुट हेक्सडंपला, म्हणजे बाइट जसेच्या तसे आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, द्या. रेघवाल्या ई च्या जागी 'सी३ ए९' दिसलं तर जोडलेलं, '६५ सीसी ८१' दिसलं तर फोडलेलं. मग बॅकअप घेऊन लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही (फाइलींच्या नावांचं रूप बदलणारा प्रोग्रॅम) एनएफसीच्या पर्यायाने चालवा. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं, 'नोटेस्ट' दिल्याशिवाय हात लावत नाही, हे मला फार आवडतं. ज्या दोन फाइली शेजारी दिसतात, त्या आधी उघडून बघा. दोन्हींत वेगळा मजकूर असू शकतो, त्यामुळे एक डोळे झाकून उडवू नका. पुढे मॅकवरून पाठवताना आरसिंक या फाइली पाठवायच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत आयकॉन्व्हचा पर्याय आहे, तो वाटेतच रूप बदलतो. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायला गिट वापरत असाल तर मॅकवर प्रीकंपोज-युनिकोड ही सेटिंग चालू आहे ना, तेवढं बघा. तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम असेल तर नाव आत येतानाच एनएफसी करा आणि तुलनाही त्याच रूपात करा. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट तिन्हींत त्यासाठी तयार फंक्शन आहे.

झिपचं दुखणं वेगळं. तिथे नावांसाठी मुळात आयबीएम ४३७ हा जुना कोडसंच आहे, आणि यूटीएफ-८ असल्याची खूण न लावता बांधलेली झिप दुसरीकडे उघडली की नावाचा कचरा होतो. नावात विचित्र चिन्हं दिसली तर बहुतेकदा मूळ बाइट शाबूत असतात, परत मिळवता येतात. प्रश्नचिन्हं दिसली तर बहुधा मूळ गेलेलं असतं, मग मॅकवरूनच पुन्हा घ्या.

आणखी एक. लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीच्या डिस्कवर नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइट. 'प्रश्नपत्रिका' आपल्याला पाच अक्षरं वाटतात, पण हलन्त आणि मात्रा धरून ते १३ कोड, ३९ बाइट. विंडोज २५५ कोड मोजतं, म्हणून तिथे बसलेलं लांब मराठी नाव लिनक्सवर 'नाव फार मोठं' म्हणून अडतं.

'सरळ इंग्रजीत नावं द्या' असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मी देणार नाही. गावाचं, माणसाचं, कवितेचं नाव जसं आहे तसं फाइलवर असावं, आणि वर सांगितलेली काळजी घेतली तर ते तिन्ही सिस्टिमांवर चालतं. कॉन्व्हएमव्हीच्या आउटपुटमध्ये काही अडलं तर इथेच टाका, बघून सांगतो.