पान उघडतं, आत नुसता राखाडी चौकोन

प्रश्न : आमच्या शाळेत २००८ सालची विज्ञानाची सीडी आहे. लोलक, भिंग, विद्युत परिपथ असे प्रयोग ब्राउझरमध्ये उघडायचे आणि मुलं तासभर हलायची नाहीत. आता विंडोज ११ चे संगणक आलेत. पान उघडतं, पण प्रयोगाच्या जागी राखाडी चौकोन दिसतो. एका ओळखीच्यांनी पेनड्राइव्हवर जुना क्रोम आणि फ्लॅश प्लेअर आणून दिलाय. टाकू का?
*– विज्ञान शिक्षिका, कराड*

उत्तर : पेनड्राइव्ह त्यांना परत द्या, बाई. फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणारा अडोबी कंपनीचा प्रोग्रॅम. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनेच त्याचा पाठिंबा थांबवला आणि प्लेअरच्या शेवटच्या आवृत्त्या १२ जानेवारी २०२१ पासून आपणहून चालायला नकार देतात. यावर काही हुशार मंडळी संगणकाची तारीख मागे नेतात. मग निम्म्या वेबसाइट उघडत नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत. शिवाय ज्या संगणकावरून तुम्ही मुलांची माहिती ऑनलाइन भरता, त्याच्यावरच कित्येक वर्षं दुरुस्ती न झालेला ब्राउझर? मी तर हात लावणार नाही.

तुमच्या सीडीचं काहीही बिघडलेलं नाही. ती ज्या प्लगइनच्या (ब्राउझरला जोडायच्या प्रोग्रॅमच्या) भरवशावर चालायची, त्यांना ब्राउझरांनी बाहेर काढलं. जावाचं प्लगइन क्रोमने २०१५ मध्ये बंद केलं, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. तेव्हा ब्राउझरला मागे ओढू नका, प्रयोगच ब्राउझरमधून बाहेर काढा.

आधी अख्खी सीडी हार्ड डिस्कवर उतरवा. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’ आणि तिथे फाइलनावांची शेपटी (शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं) दाखवणारा पर्याय चालू करा. आता फोल्डर बघा. एखादी ईएक्सई फाइल असेल तर अँटिव्हायरसने तपासून पहिल्यांदा तीच उघडा. त्या काळात बरेच जण फ्लॅशचा प्लेअर अशा फाइलमध्येच भरून द्यायचे. तसं असेल तर ती आजही मुकाट्याने चालते आणि आपला प्रश्न तिथेच मिटतो.

नाहीतर शेपट्या वाचा. एसडब्ल्यूएफ म्हणजे फ्लॅश. त्यासाठी ‘रफल’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो फ्लॅशची नक्कल करतो, अडोबीचं काही वापरत नाही. डेस्कटॉपवरचा रफल उघडून त्यात एसडब्ल्यूएफ फाइल निवडली की झालं. सीडीची मूळ पानंच हवी असतील तर रफलचं ब्राउझर-एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची आवृत्ती) घ्या. मात्र तुमची पानं इंटरनेटवरून नाही, डिस्कवरून उघडतात आणि अशा पानांना एक्स्टेन्शन मुळात हात लावत नाही. एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन फाइल यूआरएलना परवानगी देणारं बटण चालू करावं लागतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं आणि ते रफलला नावं ठेवतात.

मर्यादाही सांगून ठेवते. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रॅमिंगची भाषा) १ आणि २ मध्ये लिहिलेलं बहुतेक सगळं रफलवर नीट चालतं. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ चं काम अजून पूर्ण नाही. ती २००६ साली आली, त्यामुळे तुमच्या सीडीत दोन्ही निघू शकतात. चित्र दिसतंय पण बटणं दाद देत नाहीत, असं झालं तर पहिला संशय तिच्यावर घ्या.

शेपटी जार किंवा क्लास असेल तर तो जावा भाषेतला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे अ‍ॅपलेट. त्यासाठी जेडीके ८ (जावाचा प्रोग्रॅमरांसाठीचा संच) उतरवा. जेडीकेच घ्या, नुसता जावा पुरणार नाही. त्याच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये ‘अ‍ॅपलेटव्ह्यूअर’ असतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये त्याचं नाव आणि पुढे प्रयोगाच्या एचटीएमएल पानाचं नाव टाकलं की प्रयोग स्वतंत्र खिडकीत उघडतो. जेडीके ११ पासून हे साधन काढून टाकलंय, म्हणून ‘नवीन ते चांगलं’ इथे लागू नाही. अ‍ॅपलेटव्ह्यूअर फक्त अ‍ॅपलेट दाखवतो, भोवतालचा मजकूर नाही. प्रयोगाच्या सूचना वेगळ्या छापून भिंतीवर लावा.

आणि एवढा खटाटोप करण्याआधी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा संग्रह बघून घ्या. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ साली सुरू केला. तिथेही प्रयोग आधी जावा आणि फ्लॅशमध्येच होते. त्यातले बरेच आता एचटीएमएल ५ मध्ये नव्याने लिहिलेत, त्यांना प्लगइन लागत नाही. लोलक, भिंग, परिपथ हे तिन्ही आहेत, आणि कित्येक प्रयोग मराठीतही आहेत.

प्रश्न : सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) जुना आहे. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की ‘प्लगइन डाउनलोड करा’ म्हणतो. केलं, तरी पुन्हा तेच. नवीन डीव्हीआरला सभासद पैसे मंजूर करत नाहीत.
*– गृहनिर्माण संस्थेचे सचिव, डोंबिवली*

उत्तर : सभासदांना तूर्त त्रास देऊ नका. तुमचं प्लगइन अ‍ॅक्टिव्हएक्स जातीचं दिसतंय. ते फक्त इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरला कळायचं, आणि तो मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केला. पण मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ (इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालायची सोय) ठेवलाय, आणि निदान २०२९ पर्यंत तो राहील असं कंपनीनं सांगितलंय. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ उघडा, आयई मोडला परवानगी द्या, एज बंद करून पुन्हा चालू करा. मग त्याच जागी खालच्या यादीत डीव्हीआरचा पत्ता घाला. सुरुवातीच्या एचटीटीपीसकट, ब्राउझरमध्ये दिसतो तस्साच. ही नोंद ३० दिवसांनी गळते. महिन्याभराने कॅमेरे ‘पुन्हा बिघडले’ म्हणून वॉचमन आला की तंत्रज्ञाला फोन न करता पत्ता परत घाला.

त्या कंपनीचा विंडोजसाठी वेगळा प्रोग्रॅम मिळत असेल तर तो जास्त बरा. आणि घरून मोबाइलवर बघता यावं म्हणून कोणी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून ठेवलं असेल तर ते आजच बंद करायला लावा. इतक्या जुन्या डीव्हीआरला थेट इंटरनेटवर बसवायचं नाही. पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल, तर तोही बदला.

प्रश्न : लहानपणी सायबर कॅफेत खेळायचो ते फ्लॅशचे खेळ कुठे मिळतील?
*– वाचक, नाशिक*

उत्तर : इंटरनेट आर्काइव्हवर. नोव्हेंबर २०२० पासून ते रफल वापरून फ्लॅशचे खेळ थेट ब्राउझरमध्ये चालवतात, काहीच उतरवावं लागत नाही. तिथे नसेल तर ‘फ्लॅशपॉइंट’ या संग्रहात शोधा. अख्खा संग्रह प्रचंड आहे, म्हणून लागेल तोच खेळ उतरवणारी आवृत्ती घ्या. खेळाचं नाव आठवत नसेल तर मात्र मी काही करू शकत नाही.