आज्याची पिकअप उघडायच्या आधी

पोरी,

तुझे फोटो परवा रात्री बघितले, मग सकाळी उजेडात परत एकदा बघितले. ताडपत्रीच्या खालनं ते चपटं तोंड दिसलं आणि लगेच ओळखलं, महिंद्राची एफसी-१५०, ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो आणि इंजिन केबिनच्या आतच, दोन सीटच्या मधे. वीस वर्षं अंगणात उभी आहे म्हणालीस, तरी ती तुझ्या घरच्यांनी भंगारात घातली नाही ह्याचंच मला बरं वाटलं. तू विचारलंस की रंग कुठला मारू, मूळचा निळा का थोडा गडद. रंगाचं आत्ता डोक्यातनं काढ. रंग म्हणजे शेवटचा महिना.

तुझा आजा ह्या गाडीत बेलापूरच्या दिवाळे गावातनं मुंबईला मासळी भरून न्यायचा हे तुला माहीत असेलच, पण किती लांबनं न्यायचा ते बहुतेक कोणी सांगितलं नसेल. वाशीचा पहिला पूल झाला १९७३ ला. त्याच्या आधी बेलापूरहून मुंबईला गाडी न्यायची म्हणजे ठाणे-बेलापूर रोडने वर कळव्याला, खाडी ओलांडून ठाणे, मग परत खाली मुंबई, एवढा वळसा. मी तेव्हा वागळे इस्टेटला एका टूलरूममधे नवीन लागलो होतो आणि फर्स्ट शिफ्टला जाताना कधीकधी तो नाक्यावर चहाला थांबलेला भेटायचा. मागच्या हौद्यात टोपल्या, टोपल्यांवर बर्फ, आणि फाळक्याच्या फटीतनं पाणी ठिबकत असायचं, गाडी जिथे उभी तिथे खाली ओलं.

ते ठिबकणारं पाणी ध्यानात ठेव, तुझं सगळं काम त्याच्या मागोमाग जायचं आहे. बर्फाचं पाणी, त्यात मासळीचं मीठ, आणि वर आपली खाडीची हवा. गंज म्हणजे लोखंडात चालणारं विजेचं कामच असतं एक प्रकारचं आणि मिठाच्या पाण्यातनं ती वीज भराभर फिरते, म्हणून घाटावरची गाडी चाळीस वर्षं टिकते तिथे आपल्याकडची त्याच्या निम्म्यात सडते. शिवाय गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे दोन पत्रे जिथे एकावर एक जोडलेत तिथे आतनं फुगून तो जोड उघडतो, मग अजून पाणी आत जातं. तुझ्या आठव्या फोटोत दाराच्या खालच्या कडेला तेच झालंय, नीट बघ, पत्रा बाहेरच्या बाजूला फुगलाय.

म्हणून पहिला आठवडा पाना हातात घेऊ नकोस, एक जुना स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी आणि खडू घे. हौद्याच्या मागच्या टोकापासून पुढे पुढे ठोकत ये. चांगला पत्रा टण वाजतो, सडलेला भद्द वाजतो, आणि जिथे भद्द तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघ, आत गेला तर खडूने गोल कर. केबिनची फरशी, पायरी, दाराच्या खालची कड, मडगार्डचा आतला भाग, चेसिसचे क्रॉस मेंबर म्हणजे आडव्या पट्ट्या, कमानपाट्यांचे ब्रॅकेट, हे सगळं. आणि प्रत्येक गोलाजवळ स्वतःला विचार की इथे पाणी आलं कुठून. एखाद्या ठिकाणी पाणी बाहेर जायचं भोक मातीने बुजलेलं सापडेल, एखाद्या ठिकाणी काचेचं रबर वाळून फाटलेलं. ते कारण जोवर सापडत नाही तोवर नवीन पत्रा लावून काय उपयोग, तोही तसाच जाणार.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः चुकलोय. माझ्याकडे एक जुनी जीप होती, तिच्या फरशीला मी गंजावरच पत्र्याचं ठिगळ मारलं, वर पुट्टी, वर रंग, दिवाळीला गाडी एकदम नवी दिसत होती. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले, ते पण घासून परत रंगवले. त्याच्या पुढच्या वर्षी घोडबंदर रोडला ब्रेक दाबायला जोर दिला आणि टाच फरशीतनं खाली गेली. शेजारी माझा मुलगा बसला होता, सात वर्षांचा. गाडी थांबली, काही झालं नाही, पण ती फरशी मी लपवली होती हे मला माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं, ते अजून डोक्यातनं जात नाही. तेव्हा सडलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा, मग भोक हाताएवढं होऊ दे नाहीतर परातीएवढं. पुट्टी फक्त शेवटचा हात सारखा करायला, कागदाएवढी पातळ, भोक बुजवायला अजिबात नाही.

कापायच्या आधी दोन कामं. एक, चेसिस नंबर शोध, हलक्या हाताने साफ कर, ग्राइंडर लावू नकोस तिथे, आणि कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याची प्रिंट घे, दोन-तीन काढून ठेव. दुसरं, आज्याचं आरसी बुक घेऊन नवी मुंबईच्या आरटीओत जा. २०२१ ला केंद्राचा व्हिंटेज गाड्यांचा नियम आला, पन्नास वर्षांवरच्या गाडीला नंबरात व्हीए मिळतं, नव्या रजिस्ट्रेशनला २० हजार फी, पण त्या नियमात टू-व्हीलर आणि खाजगी प्रवासी चारचाकी धरल्यात आणि आपली तर माल वाहणारी. तिच्या आरसीवर काय लिहिलंय आणि तिला पुढे रस्ता मिळतो का हे आधी विचारून घे. आणि ह्याच कारणाने गाडीत दुसरं इंजिन, दुसरी बॉडी असलं काही करायला जाऊ नकोस, मूळचं जेवढं राहील तेवढं ठेव.

आता इंजिन. तू लिहिलंस मेकॅनिक म्हणतो जाम आहे, डिझेल इंजिन बसवून टाकू. थांबव त्याला. ते हरिकेन इंजिन आहे, चार सिलिंडर, २१९९ सीसी, जुन्या जीपला हेच लागायचं म्हणून सामान अजून मिळतं, कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन दिवस फिरायची तयारी ठेव. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोड, अर्धं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल, आणि अर्धं ॲसिटोन पण चालतं, आणि आठ-दहा दिवस विसरून जा. मग गाडी न्यूट्रलला टाकून इंजिनच्या क्रँकला हँडल किंवा पाना लावून हळूच फिरवून बघ, पुढे मागे, केसभर हललं तरी पुरे, परत ऑइल, परत दोन दिवस. स्टार्टरने झटका द्यायचा नाही, बॅटरी लावायचीच नाही अजून. ह्या इंजिनमधे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमधे असतात आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमधे, सायलेन्सरकडनं ओल येऊन ते खालचेच जाम होतात, म्हणून बाजूची टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाची, प्लेट काढून एकेक बघ. क्रँक फिरला आणि व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर जबरदस्ती केल्याने काहीतरी वाकेल.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, हुक असल्या लहान गोष्टींसाठी घासत बसू नकोस. निळा प्लास्टिकचा ड्रम, दहा लिटर पाण्याला तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, बॅटरीचा जुना बारा व्होल्टचा चार्जर. गंजलेली वस्तू निगेटिव्हला, आणि पॉझिटिव्हला साध्या लोखंडाचा तुकडा, दोघं एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. स्टीलची पळी-बिळी घरातली लावायची नाही, स्टेनलेसमधनं क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. रात्रभरात गंज काळा चिखल होऊन सुटतो. ड्रम उघड्यावर ठेव, त्यातनं हायड्रोजन निघतो, जवळ काडी ओढायची नाही, आणि हात घालायच्या आधी चार्जर बंद. स्प्रिंगा त्यात टाकू नकोस, त्या ठिसूळ होतात.

पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग किंवा ग्राइंडर कधीच नाही, रिकामी असली तरी नाही, उलट रिकामीतच वाफ भरलेली असते. आणि जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाही, पाण्याने घास, मास्क लाव, आणि आई जिथे जवळा आणि बोंबील वाळत घालते त्या बाजूला तर हे काम नकोच.

ब्रेकबद्दल माझ्याशी वाद घालू नकोस. पाइप, होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची किट, सगळं नवीन. ह्या गाडीला एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. इंजिनचा आवाज ऐकायची घाई सगळ्यांना असते, मला पण होती, तरी थांबायचं कसं ते आधी आणि पळायचं कसं ते नंतर.

वेळेचं म्हणशील तर पत्र्याचं काम नोव्हेंबर ते एप्रिल. जूनला आपल्याकडे उघडं लोखंड रात्री ठेवलं की सकाळी पिवळं झालेलं असतं. म्हणून एका दिवशी तेवढंच घासायचं जेवढ्याला संध्याकाळच्या आत प्रायमर लागेल, आणि प्रायमर इपॉक्सी घे, नुसतं रेड ऑक्साइड ओल पिऊन घेतं. वेल्डिंग करताना सलग ओढू नकोस, इथे एक टाका, तिथे एक टाका, पत्रा थंड होऊ दे नाहीतर वाकडा होतो. पहिले टाके भंगार पत्र्यावर मार, शंभरेक मार, मग गाडीला हात लाव.

येत्या रविवारी मी ठाण्याहून लोकलने येतो, बेलापूरला उतरून रिक्षा करीन. माझे चार जॅक स्टँड भाच्याच्या टेम्पोत आदल्या दिवशी पाठवतो, ते येईपर्यंत गाडीखाली शिरायचं नाही, विटांवर तर नाहीच, वीट न सांगता फुटते. आणि हौद्याच्या फळ्या काढू नकोस मी येईपर्यंत. त्या फळ्यांच्या खाली चेसिस कशी आहे ते मला तुझ्याबरोबर बघायचंय.

— काका