साडेनऊचा फोन

पत्र (थोडक्यात) : माझी मुलगी पुण्यात बी.ए. आणि सोबत स्पॅनिशची बी-टू (मध्यमच्या वरची) पातळी करून सप्टेंबरमध्ये स्पेनला, सालामांकाला गेली. एक वर्षाचा मास्टर आहे, परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवण्याचा. शैक्षणिक कर्ज काढलंय. पहिले तीन आठवडे मजेत होती, आता रोज फोनवर रडते. लोक भराभर बोलतात, वर्गात कुणी मिसळत नाही, शाकाहारी असल्याने पाव-बटाट्यावर दिवस काढते. पहिल्या निबंधाला दहापैकी साडेचार मिळाले; बारावीला ९१ टक्के होते तिला. तिचे बाबा म्हणतात, परत बोलवू, इथेच एमबीए करेल. काय करू? — एक आई, कराड

ताई,

परत बोलावू नका. निदान जानेवारीतल्या परीक्षा होईपर्यंत तरी विषय काढू नका.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, ‘मी रोज रात्री साडेनऊला तिला व्हिडिओ कॉल करते, तासभर बोलतो. झोपायच्या आधी तिचे बाबा पुन्हा लावतात.’ आता सालामांकाचं घड्याळ बघू. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे सध्या तिथे आपल्यापेक्षा साडेचार तास कमी. तुमचे साडेनऊ म्हणजे तिथले संध्याकाळचे पाच. बाबांचे साडेअकरा म्हणजे तिथले सात.

मी स्वतः त्या गावात एक वर्ष काढलंय, म्हणून सांगते. तिथे दोनच्या सुमारास दुकानांची शटरं पडतात, लोक दोन-तीनला जेवतात आणि पाचला गाव पुन्हा उघडतं. पाच ते नऊ हाच तिथला खरा दिवस. आजी-आजोबा, पोरंटोरं, विद्यार्थी सगळे रस्त्यावर. रात्रीचं जेवण नऊ-दहाला. ही काही आळशी माणसांची सवय नाही. स्पेन नकाशावर इंग्लंडच्या खाली आहे, म्हणजे घड्याळही इंग्लंडसारखंच हवं, पण १९४० साली तिथलं घड्याळ एक तास पुढे केलं, ते तसंच राहिलं. डिसेंबरात सालामांकाला सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो. सगळा दिवसच पुढे सरकलेला.

आणि नेमक्या त्या चार तासांत तुमची लेक खोलीचं दार लावून कराडला असते.

वर्गात कुणी मिसळत नाही म्हणते, ते खरं असणार. स्पेनमध्ये मैत्री वर्गात होत नाही आणि घरी तर नाहीच. घरी बोलावायची वेळ फार उशिरा येते. ती होते बाहेर, उभ्याने, एका कॉफीवर. सालामांकाची माणसं ‘घड्याळाखाली भेटू’ म्हणतात, तेव्हा कुठलं घड्याळ हे विचारावं लागत नाही. प्लाथा मायोर हा गावातला मोठा चौक, अठराव्या शतकातला, सोनेरी दगडाचा. त्यातल्या नगरपालिकेच्या इमारतीवरचं घड्याळ. तुमच्याकडे ‘प्रीतिसंगमावर ये’ म्हटल्यावर पुढे काही सांगावं लागतं का? तसंच. लेकीला विचारा, घड्याळाखाली किती वेळा उभी राहिलीस.

तेव्हा पहिला उपाय तुमच्याच हातात आहे. रोजचा फोन बंद करा. रविवारी करा, तिथे दुकानं बंद असतात, दुपार अंगावर येते, तेव्हा खुशाल दीड तास बोला. एरवी सकाळी एक व्हॉट्सअ‍ॅप निरोप पुरे. पहिल्या आठवड्यात ती चिडेल. तुम्हालाही चैन पडणार नाही, बाबांना तुमच्याहून कमी.

मात्र ‘रडते’ यात झोप उडणं, खाणं सुटणं, खोलीबाहेर न पडणं, जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोलणं असं काही असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. रोज बोला आणि तिला तिथल्या डॉक्टरकडे लगेच जायला लावा. व्हिसासाठी आरोग्यविमा काढलेला असणार, तो अशाच वेळी वापरायचा.

आता साडेचार मार्क. तिथे पाचला पास, सातपासून ‘नोताब्ले’ म्हणजे चांगले, नऊपासून ‘सोब्रेसालिएंते’ म्हणजे उत्कृष्ट. साडेचार म्हणजे नापासच, त्याला दुसरं गोंडस नाव नाही. पण ९१ टक्क्यांशी तुलना करू नका. तिथे सात मिळवणारी मुलगी चांगली समजली जाते. आपल्याकडची मुलं पहिल्या निबंधात पुस्तकात काय आहे ते अगदी नीटनेटकं उतरवतात. मास्टरच्या प्राध्यापकाला तिचं म्हणणं काय आणि त्याला आधार काय, हे हवं असतं. प्रत्येक प्राध्यापकाचे आठवड्यात ठरलेले तास असतात, त्यांना ‘तुतोरिआ’ म्हणतात. विद्यार्थ्याने जायचं, कागद समोर ठेवायचा आणि कुठे चुकलं ते विचारायचं. ती गेली नसेल, आणि मला कारणही माहीत आहे. तिथे प्राध्यापकाला सर-मॅडम नाही, थेट नाव, आणि बहुतेक वेळा ‘तू’. आपल्या जिभेला ते जड जातं. मी महिनाभर वाक्यं अशी फिरवत होते की नाव घ्यायलाच लागू नये! शेवटी बाईंनीच विचारलं, तुला माझं नाव आवडत नाही का?

बोलण्याचं म्हणाल, तर तिला एक सांगा. ती डोक्यात इंग्रजी वाक्य करून त्याचं स्पॅनिश करत असेल, म्हणून मागे पडते. मराठीतून जा म्हणावं. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’, शब्दाला शब्द. आंबा एक असला की ‘गुस्ता’, अनेक असले की ‘गुस्तान’, आवडतो, आवडतात. इंग्रजी शिकलेल्या पोरांना हे पचायला आठवडे लागतात, आपण ते आईच्या कडेवर शिकलेलो असतो. तिचा त आणि द तर स्पॅनिश माणसासारखाच दाताला लागतो. राहता राहिला तो ‘थ’. क्लासात ग्रासिआस (धन्यवाद) शिकवलं असेल, तिथे ग्राथिआस ऐकू येतं. कानाला सवय झाली की संपलं. विभागाच्या फलकावर ‘इंतेरकांबिओ’च्या चिठ्ठ्या असतात, अर्धा तास तुझी भाषा, अर्धा तास माझी. तिच्याकडे इंग्रजी आहे, त्याला तिथे चांगला भाव आहे.

जेवण. सालामांका जिल्हा हॅमसाठी नावाजलेला, तेव्हा ‘मांसाशिवाय’ एवढंच सांगितलं तर ताटात टूना मासा येतो. मांस नको, हॅम नको, टूना नको, असं तिन्ही म्हणायला लागतं. बटाट्याचा तोर्तिल्या म्हणजे तिथलं जाड ऑम्लेट, त्यात अंडं असतं. खात असेल तर सोपं, नसेल तर घरीच शिजवावं. पण याच जिल्ह्यातली ला आर्मुन्याची मसूर आणि पेद्रोसिल्योचे बारके हरभरे सगळ्या स्पेनमध्ये प्रसिद्ध आहेत! मसूर हॉटेलात चोरिथो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) घालून करतात, म्हणून तिला ती दिसूनही दिसली नसेल. चौकाला लागूनच मंडई आहे, तिथे ही मसूर सुटी, वजनावर मिळते. शेजारच्या प्रांतातलं ला वेराचं धुरावलेलं तिखट घेतलं की आमटी आपल्यासारखी नाही, पण जेवावीशी वाटणारी होते. प्रेशर कुकर तिथल्या बहुतेक स्वयंपाकघरांत असतो, कुरियर करू नका.

कागदांचं तुम्ही काही लिहिलं नाही, तरी विचारून ठेवा. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो. त्यांच्या फॉर्मवर आडनावाच्या दोन चौकटी असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. आपली मुलं दुसऱ्या चौकटीत वडिलांचं नाव टाकतात आणि मग बँकेत एक नाव, विद्यापीठात दुसरं. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहायचं, दुसरी चौकट रिकामी.

एमबीए कुठे पळून जात नाही. हा मास्टर ‘ओफिसिआल’ असेल, म्हणजे सरकारमान्य, तर साठ क्रेडिट्सचा कोर्स जूनच्या आसपास उरकतो. जुलैत फक्त प्रबंध राहील. प्रवेशपत्रावर तो शब्द आहे का, तेवढं बघून कळवा. अर्ध्यात सोडला तर हाती पदवी नाही आणि कर्जाचं व्याज मात्र तसंच. पुरा केला तर स्पॅनिश शिकवायला, भाषांतराला किंवा लॅटिन अमेरिकेशी कामं असलेल्या कंपन्यांत तिचा अर्ज निदान बाजूला तरी पडणार नाही.

डिसेंबरच्या मध्यात तिथले विद्यार्थी सुट्टीला घरी जाण्याआधी चौकात आपलं वेगळं नववर्ष साजरं करतात. खरी रीत बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची, ही पोरं बारा जेलीच्या गोळ्या खातात. तिला जायला सांगा. (जेलीत बहुधा जिलेटिन असतं, तिने द्राक्षंच न्यावीत.) त्या रात्री तुम्ही फोन करू नका. जानेवारीचे मार्क आले की मला लिहा, बाबांनाही सोबत घ्या, मग परतीचं बोलू.