चढाची ट्रायथलॉन: टीममधल्या नव्या भिडूला

अंतर स्टँडर्डच आहे: दीड किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं. पण रस्ता चढाचा, त्यामुळे सपाटीवरच्या टायमिंगचा हिशेब विसर.

पोहण्याचं फार टेन्शन नको. पाण्यातून धापा टाकत बाहेर येऊ नकोस, एवढंच. खरी शर्यत सायकलवर. मागच्या चाकाला ११-३२ किंवा ११-३४ची कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच; आकडे सर्वांत लहान आणि मोठ्या चकतीच्या दात्यांचे) बसवून घे आणि पुण्याजवळच्या बोपदेव घाटात सीटवर बसून, हलक्या गिअरवर चढायचा सराव कर. पहिल्याच चढाला आपल्याच कॉलेजचा सीनिअर पुढे गेला की पोरं इरेला पेटतात आणि मग धावताना मांड्या धरून बसतात. जाऊ दे त्याला! त्याच्या मागे चिकटून वारा चुकवणंही हौशी गटात बहुधा चालत नाही, पेनल्टी बसते. पुढच्या सायकलपासून किती अंतर ठेवायचं ते नियमावलीत आधी वाच. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही मिळून. ऐन वळणात करकचून दाबलास तर घसरशील.

सायकल स्टँडवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेलाच हवा.

आठवड्यातून एकदा घाट उतरून आलास की लगेच बूट बदलून वीसेक मिनिटं धाव. सुरुवातीला पाय आपले वाटणार नाहीत, त्याचीच सवय हवी. आणि शर्यतीत एनर्जी जेल-बिल काय खायचं ते सरावातच खाऊन बघ. माझं तर केळं-खजुरावर भागतं.